सहीच्या आधीचा वकील

न्यूयॉर्कमध्ये केकचं छोटं दुकान थाटायचं, तर त्यात सर्वांत धोक्याची वस्तू कोणती? भट्टी? छे! भाडेकराराचं शेवटचं पान. तिथे बऱ्याचदा दुकानदाराची वैयक्तिक हमी मागितलेली असते. सही केली आणि पुढे धंदा बुडाला, तर थकलेल्या भाड्यासाठी जागामालक थेट त्याच्या बचतीपर्यंत पोहोचू शकतो.

गंमत अशी, की धंदा आणि घर यांच्यात भिंत उभी करायची सोय अमेरिकेत आहे: एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी. तिचा पहिला कायदा वायोमिंग राज्याने 1977 मध्ये केला. थोडे कागद, थोडी फी, आणि कायद्याच्या नजरेत चक्क एक नवी 'व्यक्ती' जन्माला येते! करार तिचे, कर्ज तिचं. पण वैयक्तिक हमीवर सही केली, की दुकानदाराने त्या भिंतीला स्वतःच भगदाड पाडलं म्हणून समजा.

मग उपाय? तोही एका कलमातच! न्यूयॉर्कच्या बाजारात त्याला 'गुड गाय गॅरंटी' म्हणतात. आगाऊ कळवायचं, तोवरचं भाडं चुकतं करायचं, जागा रिकामी करून किल्ल्या द्यायच्या. करार दहा वर्षांचा का असेना, पुढच्या भाड्याची वैयक्तिक जबाबदारी तिथेच संपते.

पण हे माहीत कुणाला? तासाला शेकडो डॉलर घेणाऱ्या वकिलांना. गंभीर फौजदारी खटल्यातल्या गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळायलाच हवा, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्ये ठरवलं. भाडेकरार वाचून घ्यायला असा हक्क नाही. तिथे स्वयंसेवक वकील धावून येतात. 'नेबरहुड आंत्रप्रेन्युअर लॉ प्रोजेक्ट' छोट्या धंदेवाल्यांना असे वकील गाठून देतो, तर 1969 पासूनची 'लॉयर्स अलायन्स फॉर न्यूयॉर्क' सेवाभावी संस्थांना. आणि हे वकील कोण? बऱ्याचदा बड्या कंपन्यांचे करार लिहिणारेच!

इथेच पेच पडतो. वकिलाची फर्म त्याच जागामालकाचंही काम करत असेल तर? शेकडो वकिलांच्या फर्ममध्ये एकेक अशील तपासत बसलं, तर मोफत सल्ल्याची दुपार त्यातच सरायची. म्हणून अमेरिकन बार असोसिएशनच्या आदर्श नियमावलीत 6.5 हा नियम आला. सेवाभावी संस्थेच्या शिबिरात थोडक्यात सल्ला देणाऱ्या वकिलाला, त्याला स्वतःला ठाऊक असलेला हितसंबंधच आड येतो.

सेवाभावी संस्थांची कथा तर आणखी थरारक. सलग तीन वर्षं वार्षिक विवरण भरलं नाही, की करमुक्ती आपोआप रद्द, असा कायदा 2006 मध्ये झाला. जून 2011 मध्ये यादी जाहीर झाली: सुमारे 2,75,000 संस्था! त्यांतल्या बहुतेक आधीच बंद पडलेल्या होत्या. पण चालत्या संस्थेवर ही पाळी आली, तर देणगीदारांची करसवलतही जाते. वेळेवर आठवण करून देणारा वकील इथे केवढा मोलाचा! पावसाळ्याआधी कौलं शाकारावीत तसं हे काम. नीट झालं तर नंतर काहीच घडत नाही.

आणि वेळ किती द्यायचा? बार असोसिएशनची अपेक्षा वर्षाला 50 तासांची, म्हणजे आठवड्याला तासभरसुद्धा नाही. न्यूयॉर्क राज्य त्याच्याही पुढे गेलं. 2015 पासून तिथे वकिलीची सनद मागणाऱ्या नवोदिताला आधी देखरेखीखाली 50 तास विनामूल्य काम करावं लागतं. विचार करा: स्वतःची पहिली फी मिळण्याआधीच त्याने कुणाचं तरी दुकान वाचवलेलं असू शकतं!