इंजिनाची ऑईलगळती : स्वतः हात घालावा की गॅरेज गाठावे?

गोव्यातून बेळगाव, विजापूरमार्गे गाणगापूरला दत्तदर्शनासाठी जाणारी अनेक कुटुंबे आता स्वतःच्या मोटारीनेच प्रवास करतात. कलबुर्गी जिल्ह्याच्या अफजलपूर तालुक्यात, भीमा आणि अमरजा यांच्या संगमाजवळ हे क्षेत्र आहे. मुक्काम करून सकाळी निघण्याच्या वेळी गाडीखाली तळहाताएवढा काळपट डाग दिसला, तर दर्शनाचा आनंद क्षणात ओसरतो. घर शेकडो किलोमीटर दूर असते. तालुक्याच्या गावात गॅरेज सापडते, परंतु त्या विशिष्ट मॉडेलचे ऑईल सील तेथे मिळेलच याची खात्री नसते. त्यासाठी कलबुर्गी किंवा सोलापूर गाठावे लागू शकते. अशा वेळी ‘आपणच काही करावे का?’ हा प्रश्न हौसेचा राहत नाही. चुकीच्या उत्तराची किंमत म्हणजे जाम झालेले इंजिन आणि आडवाटेवर अडकलेले कुटुंब.

या प्रश्नाचे उत्तर हातातील पान्यांवर अवलंबून नसते. ऑईल नेमके कोठून गळते आणि किती वेगाने गळते, या दोन गोष्टी कळल्या की निर्णयाचा बराचसा भाग आपोआप होतो. बहुतेक चुका या दोन गोष्टी जाणून घेण्यापूर्वीच नटबोल्ट आवळायला घेतल्यामुळे घडतात.

डाग नेमका कशाचा?

गाडीखालचा प्रत्येक डाग इंजिन ऑईलचा नसतो. एसी चालवल्यानंतर पडणारे स्वच्छ पाणी निरुपद्रवी असते. कूलंट हिरवे, गुलाबी किंवा नारिंगी असते आणि त्याला गोडसर वास येतो. ब्रेक ऑईल फिकट पिवळसर, पातळ असते. त्याची गळती आढळली तर गाडी जागची हलवूच नये. इंजिन ऑईल मात्र तपकिरी ते काळे, बोटांना बुळबुळीत लागणारे असते. रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा अंथरला, तर सकाळी रंग, प्रमाण आणि जागा या तिन्हींचा अंदाज येतो.

मात्र थेंब जेथे पडतो, तेथेच गळती असते असे नाही. धावत्या गाडीत वाऱ्याच्या झोताने ऑईल मागे ढकलले जाते आणि वजनाने खाली ओघळते. वरच्या टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून झिरपलेले ऑईल चेंबरपर्यंत उतरते आणि चेंबरच फुटल्याचा भास होतो. म्हणून ओली झालेली सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची जागा शोधावी. अफजलपूर परिसरातील काळ्या मातीची धूळ ऑईलवर बसून जाड थर तयार होतो. तो थर स्वच्छ केल्याशिवाय उगम दिसत नाही. इंजिन थंड असताना तो भाग पुसून घ्यावा, थोडे अंतर गाडी चालवावी आणि पुन्हा पाहावे. ताजा ओघळ लगेच ओळखू येतो.

वेग मोजावा, मगच ठरवावे

गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहावी. अनेक मोटारींत डिपस्टिकवरील खालच्या आणि वरच्या खुणेत सुमारे एक लिटरचे अंतर असते. नेमका आकडा गाडीच्या माहितीपुस्तिकेत मिळतो. समजा, एक हजार किलोमीटरमागे दोनशे मिलिलिटर ऑईल घटत असेल, तर वरच्या खुणेपर्यंत भरून, सोबत त्याच ग्रेडची बाटली ठेवून आणि अधूनमधून तपासत घरी पोहोचता येते. पण शंभर किलोमीटरमध्येच पातळी खालच्या खुणेशी आली, तर गाडी पुढे नेण्यात शहाणपण नाही. ऑईल भरतानाही वरची खूण ओलांडू नये, कारण अतिरिक्त ऑईलमुळेही सीलवर ताण येतो.

डॅशबोर्डवरील ऑईलचा लाल दिवा ऑईलची पातळी दाखवतो, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. बहुतेक गाड्यांत तो ऑईलचा दाब घसरल्याची सूचना देतो. म्हणजेच बेअरिंगपर्यंत पुरेसे ऑईल पोहोचत नसल्याची ती खूण आहे. दिवा लागताच गाडी सुरक्षितपणे बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ हा विचार अनेक इंजिनांना भोवला आहे. गळणारे ऑईल तप्त एक्झॉस्टवर पडून धूर किंवा जळका वास येत असेल, तरीही थांबावे. तेथे आगीचा धोका असतो.

काय हाताळावे, काय सोडावे

ऑईल भरण्याचे झाकण नीट न बसणे, डिपस्टिकची रबरी रिंग झिजणे, ऑईल फिल्टर सैल राहणे किंवा ड्रेन बोल्टचा वॉशर खराब होणे, ही कामे सावध वाहनधारकाच्या आवाक्यातील आहेत. नुकतेच ऑईल बदलल्यानंतर गळती सुरू झाली असेल, तर प्रथम फिल्टर पाहावा. जुन्या फिल्टरचे रबरी पॅकिंग इंजिनाला चिकटून राहते आणि त्यावरच नवा फिल्टर बसवला जातो. ही चूक वरवर किरकोळ वाटते, पण त्यातून ऑईल वेगाने बाहेर पडू शकते.

टॅपेट कव्हरचे पॅकिंग ही सीमारेषा आहे. काही साध्या पेट्रोल इंजिनांत ते उघड्यावर असते, तर काहींत त्यासाठी वरचे अनेक भाग उतरवावे लागतात. टॉर्क पाना नसेल तर हे काम टाळावे. बोल्ट जास्त आवळल्याने गळती थांबत नाही. उलट पॅकिंग चेपते, कव्हर वाकते आणि ॲल्युमिनियममधील आटे निघतात. सिलिकॉन फासण्याचा मोहही आवरावा. त्याचे तुकडे सुटून ऑईल पंपाच्या जाळीत अडकले, तर इंजिनाचे ऑईलच तुटते.

क्रँकशाफ्टचे मागचे सील, टायमिंगच्या बाजूचे सील आणि टर्बोच्या ऑईल नळ्या निर्विवादपणे कुशल मेकॅनिककडे द्याव्यात. मागचे सील स्वतः स्वस्त असते, परंतु तेथे पोहोचण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. खर्च असतो तो त्या श्रमाचा. टायमिंग बेल्टवर ऑईल पडत असेल तर बेल्ट कमकुवत होऊन तुटू शकतो आणि अनेक इंजिनांत त्यामुळे व्हॉल्व्ह वाकतात.

सील बदलूनही गळती परतते, तेव्हा मूळ कारण वेगळे असण्याची शक्यता असते. इंजिनातील वायू बाहेर नेणारा ब्रीदर किंवा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबला, तर आतला दाब वाढतो आणि ऑईल सर्वांत कमकुवत सीलमधून वाट काढते. मेकॅनिकला हा व्हॉल्व्ह तपासण्यास आवर्जून सांगावे. गळती थांबवणारी बाजारातील रसायने कडक झालेले रबर काहीसे फुगवतात. त्याने झिरपणे काही काळ कमी होईल, पण फाटलेले पॅकिंग त्याने सांधत नाही.

सुरक्षितता आणि सांडलेले ऑईल

केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. कठीण, सपाट जमीन आणि पक्के स्टँड नसतील, तर ते काम त्या दिवशी करायचे नाही असे ठरवावे. उन्हाळ्यात काळी जमीन वरून टणक दिसते, पण भेगाळलेली असते, आणि पावसात त्याच जमिनीत जॅक रुततो. इंजिन नुकतेच बंद केले असेल तर ऑईल त्वचा भाजण्याइतके गरम असते. वॉरंटी शिल्लक असेल, तर काहीही उघडण्यापूर्वी कंपनीच्या अधिकृत केंद्राशी बोलणे हिताचे.

काढलेले ऑईल शेतात, गटारात किंवा नदीकाठी ओतू नये. वापरलेले ऑईल 2016 च्या घातक कचरा व्यवस्थापन नियमांच्या कक्षेत येते. ते झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजकडे सोपवावे. ज्या संगमावर स्नानासाठी माणसे दुरून येतात, त्याच्या काठी तरी हे वेगळे सांगावे लागू नये.

एकंदरीत, उगम स्पष्ट दिसत असेल, भाग सहज हाताशी येत असेल आणि चूक झाली तर ती सुधारता येणार असेल, तरच स्वतः हात घालावा. यांपैकी एकही गोष्ट नसेल, तर डिपस्टिकची नोंद आणि पुठ्ठ्यावरील डागाचे छायाचित्र घेऊन गॅरेज गाठावे. गळती जोराची असेल, तर गाडी टोइंगने न्यावी. ‘कुठून गळते आणि किती गळते’ हे सांगू शकणाऱ्या ग्राहकाचे निदान लवकर होते, आणि अनावश्यक दुरुस्तीचा भुर्दंडही त्याला सहसा पडत नाही.