टाके (शल्यचिकित्सा)

कापल्या गेलेल्या किंवा फाटलेल्या ऊतींच्या कडा एकमेकींना लागून राहाव्यात यासाठी सुई व दोऱ्याने घातलेल्या शिवणीला टाका असे म्हणतात. या क्रियेचे शास्त्रीय नाव सीवन असून त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या निर्जंतुक दोऱ्याला सूचर म्हणतात. त्वचा, स्नायू, आतडे, रक्तवाहिन्या, चेता, कंडरा अशा बहुतेक सर्व ऊती टाक्यांनी जोडता येतात. कंडरा किंवा अस्थिबंध थेट हाडापासून सुटला असेल, तर दोऱ्याला हाडातच आधार द्यावा लागतो. हा आधार देणाऱ्या छोट्या रोपणाला सूचर अँकर म्हणतात.

टाक्यामुळे जखम भरत नाही. ती शरीर स्वतः भरून आणते. तोपर्यंत कडा योग्य जागी आणि योग्य ताणाखाली धरून ठेवणे एवढेच टाक्याचे काम असते. त्यामुळे दोरा कोणता, किती जाड आणि किती दिवस टिकणारा असावा, हे ती ऊती किती वेगाने बळकट होते यावर ठरते.

कार्यतत्त्व

जखमेच्या पहिल्या काही दिवसांत तेथे दाह होतो, रक्ताची गुठळी तयार होते आणि मृत पेशी हटवल्या जातात. त्यानंतर तंतुजनक पेशी कोलॅजेन हे प्रथिन तयार करू लागतात. पुढील अनेक महिने या कोलॅजेनची पुनर्रचना होत राहते. शिवलेल्या त्वचेची ताकद पहिल्या आठवड्याच्या शेवटी मूळ ताकदीच्या १० टक्क्यांहूनही कमी असते. तिसऱ्या आठवड्यात ती सुमारे २० टक्के आणि तीन महिन्यांनंतर सुमारे ८० टक्के होते. पूर्वीची संपूर्ण ताकद व्रणाला सहसा परत मिळत नाही.

वेगवेगळ्या ऊतींचा भरून येण्याचा वेग वेगळा असतो. तोंडातील श्लेष्मल त्वचा काही दिवसांत जुळते. पोटाच्या भिंतीतील तंतुमय आवरणाला अनेक आठवडे लागतात, तर कंडरा हाडाला पुन्हा चिकटण्यास काही महिने लागतात. दोरा ऊतीपेक्षा आधी कमकुवत झाला, तर जखम उसवते किंवा पुढे त्या जागी हर्निया होतो. उलटपक्षी, गरज संपल्यावरही राहिलेला दोरा हा शरीराच्या दृष्टीने परकीय पदार्थ असतो. त्याच्या आधाराने जंतूंची वाढ होऊ शकते.

इतिहास

प्राचीन भारत

सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माचे आठ प्रकार सांगितले असून सीवन हा त्यांपैकी एक आहे. दोऱ्यासाठी अश्मंतकाच्या सालीचे तंतू, ताग, जवसाचे सूत, स्नायू, केस, मूर्वा आणि गुळवेल यांचा उल्लेख येतो. शिवणीचे वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी आणि ऋजुग्रंथी असे चार प्रकार दिले आहेत. कमी मांसाच्या जागी व सांध्यांवर दोन अंगुळे लांबीची गोल सुई, मांसल भागासाठी तीन अंगुळे लांबीची तिधारी सुई आणि पोट, वृषण व मर्मस्थाने यांसाठी धनुष्यासारखी वाकडी सुई वापरावी, असे त्यात म्हटले आहे. टाका कडेपासून फार दूर घातल्यास वेदना होतात आणि फार जवळ घातल्यास तो कड फाडून बाहेर येतो, असा इशाराही ग्रंथात आहे. धूळ, केस, नखे व हाडांचे तुकडे काढल्याशिवाय जखम शिवू नये, अन्यथा ती पिकते, हा नियम आजही लागू आहे. आतड्याच्या कडा काळ्या मुंग्यांकडून चाववून जोडण्याची आणि त्यांची डोकी तशीच ठेवण्याची पद्धतही या ग्रंथात वर्णिलेली आहे.

पुण्याजवळील नासिकारोपण

लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. १७९२ च्या युद्धात इंग्रज सैन्याबरोबर बैल हाकणारा कावसजी हा टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापण्यात आले. विटा करणाऱ्या समाजातील एका शस्त्रवैद्याने त्याच्या कपाळावरील त्वचा खाली वळवून नवे नाक तयार केले. ही त्वचा डोळ्यांच्या मधोमध एका अरुंद पट्टीने कपाळाला जोडलेली ठेवल्यामुळे तिचा रक्तपुरवठा चालू राहिला.

वृत्तान्तानुसार नव्या नाकाची कड नाकाच्या उरलेल्या भागाभोवती घेतलेल्या चिरेत खोचून बसवण्यात आली. त्यावर भिजवलेला कात लावलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवण्यात आल्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड लावले गेले आणि सुमारे २५ व्या दिवशी जोडपट्टी कापण्यात आली. कडा न हलता एकमेकींना लागून राहिल्या आणि रक्तपुरवठा टिकला, तर ऊती दोऱ्याविनाही जुळते, हे या वर्णनावरून दिसते. हा वृत्तान्त वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८१४ मध्ये लंडनमध्ये अशीच शस्त्रक्रिया केली. युरोपातील आधुनिक सुघटन शल्यचिकित्सेला तिथून चालना मिळाली.

आधुनिक काळ

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शिवलेली जखम पिकणे ही नित्याची बाब होती. जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक कार्बॉलिक आम्लात भिजवलेल्या कॅटगटचा वापर सुरू करून त्याची माहिती १८६९ मध्ये प्रसिद्ध केली. ‘कॅट’ हा शब्द नावात असला तरी कॅटगट मांजरापासून नव्हे, तर मेंढी किंवा गुरांच्या आतड्यापासून बनवतात. विसाव्या शतकात नायलॉन, पॉलिएस्टर व पॉलिप्रॉपिलिन हे कृत्रिम धागे आले. १९७० च्या दशकात पॉलिग्लायकोलिक आम्ल व पॉलिग्लॅक्टिन यांपासून बनवलेले विरघळणारे धागे प्रचारात आले.

दोऱ्याचे प्रकार

• विरघळणारे दोरे : कॅटगट शरीरातील विकरांमुळे विघटित होते. त्यामुळे त्याची ताकद किती दिवस टिकेल याचा नेमका अंदाज करता येत नाही. साध्या कॅटगटची ताकद ७ ते १० दिवसांतच बरीच घटते. कृत्रिम दोरे पाण्याच्या रासायनिक क्रियेने विरघळतात, म्हणून त्यांचा कालावधी अधिक निश्चित असतो. पॉलिग्लॅक्टिनची ताकद तीन आठवड्यांनी सुमारे निम्मी उरते आणि तो ५६ ते ७० दिवसांत विरघळतो. पॉलिडायॉक्सॅनोन हा धागा विरघळण्यास सहा महिने किंवा अधिक काळ लागतो.
• न विरघळणारे दोरे : रेशीम, नायलॉन, पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलिन आणि पोलादी तार. रेशीम या गटात मोडत असले तरी शरीरात दीर्घकाळानंतर त्याची ताकद नाहीशी होते.

रचनेनुसार दोरे एकपदरी किंवा विणलेले असतात. विणलेल्या दोऱ्याची गाठ चांगली बसते, परंतु त्याच्या पदरांमध्ये जंतूंना आसरा मिळतो. एकपदरी दोरा ऊतीतून सहज सरकतो, मात्र त्याची गाठ सुटू नये म्हणून अधिक वेढे द्यावे लागतात.

दोऱ्याची जाडी शून्यांच्या संख्येने दर्शवतात. शून्ये जितकी अधिक, तितका दोरा बारीक. पोटाची भिंत शिवण्यासाठी एक किंवा शून्य क्रमांकाचा, चेहऱ्यासाठी पाच किंवा सहा शून्यांचा, तर डोळ्याच्या पारपटलासाठी दहा शून्यांचा दोरा वापरतात. दहा शून्यांचा दोरा मिलिमीटरच्या सुमारे पन्नासाव्या भागाएवढा जाड असतो.

टाके घालण्याच्या पद्धती

सुट्या टाक्यांमध्ये प्रत्येक टाक्याची गाठ स्वतंत्र असते. एक टाका तुटला किंवा पू काढण्यासाठी काढावा लागला, तरी बाकीचे टिकून राहतात. सलग शिवण लवकर पूर्ण होते आणि ताण सर्वत्र सारखा वाटला जातो, परंतु दोरा एका ठिकाणी तुटल्यास संपूर्ण शिवण सैल पडते. गाठ फार आवळल्यास कडांचा रक्तपुरवठा थांबून ऊती मृत होते. म्हणून कडा केवळ एकमेकींना टेकतील इतकाच ताण द्यावा, असे मानले जाते.

पोटाच्या शस्त्रक्रियेत जखमेच्या लांबीच्या किमान चौपट दोरा वापरला जावा, असा संकेत आहे. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कडेपासून ५ मिलिमीटरवर व ५ मिलिमीटर अंतराने घातलेल्या लहान टाक्यांची तुलना मोठ्या टाक्यांशी करण्यात आली. एका वर्षानंतर लहान टाक्यांच्या गटात १३ टक्के, तर मोठ्या टाक्यांच्या गटात २१ टक्के रुग्णांना व्रणाच्या जागी हर्निया आढळला.

सूचर अँकर

कंडरा हाडापासून उपटली गेल्यास पूर्वी हाडातून आरपार भोके पाडून त्यांतून दोरा ओवावा लागे. १९८० च्या दशकात आलेल्या सूचर अँकरमुळे ही क्रिया लहान छेदातून आणि दुर्बिणीच्या साहाय्याने करणे शक्य झाले. हाडात छोटे छिद्र पाडून त्यात अँकर स्क्रूप्रमाणे फिरवून किंवा ठोकून बसवतात. त्याच्या नेढ्यात आधीच ओवलेला दोरा कंडरेतून काढून गाठ मारली जाते. काही प्रकारांत गाठ न मारता दोरा अँकरमध्येच दाबून पक्का केला जातो.

अँकर टायटॅनियम, पीक हे कठीण प्लास्टिक किंवा हळूहळू विरघळणारे बहुवारिक यांपासून बनवतात. काही नव्या प्रकारांत कठीण भाग नसतोच. विणलेली मऊ नळी हाडाच्या कठीण थराखाली गोळा होऊन अडकते. खांद्याच्या फाटलेल्या कंडरा, वारंवार निखळणारा खांदा, घोट्याचे अस्थिबंध व बोटांच्या कंडरा यांसाठी अँकर वापरले जातात.

अँकर नेहमी हाडातूनच निसटतो असे नाही. हाड ठिसूळ असल्यास तो उपटला जाऊ शकतो, परंतु खांद्याच्या शस्त्रक्रियेत दोरा कंडरेतूनच फाटून बाहेर येणे अधिक वेळा आढळते. म्हणूनच अँकर मजबूत असला, तरी कंडरा हाडाला चिकटेपर्यंत साधारणतः चार ते सहा आठवडे हात झोळीत ठेवण्यास सांगितले जाते.

टाके लगेच न घालण्याच्या जखमा

प्रत्येक उघडी जखम तातडीने शिवणे हिताचे नसते. जखमेनंतर सहा तासांच्या आत ती साफ करून शिवावी, हा संकेत १८९८ मध्ये फ्रीडरिश यांनी गिनीपिगवर केलेल्या प्रयोगांतून रूढ झाला. आज ही मर्यादा काटेकोर मानली जात नाही. जखमेची जागा, तिचा रक्तपुरवठा आणि त्यात गेलेली घाण यांना अधिक महत्त्व दिले जाते.

रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्यातल्या दिघीसारख्या किनारी गावांत हा प्रश्न व्यावहारिक ठरतो. दिघी राजपुरी खाडीच्या मुखाशी आहे. समोरच्या आगरदांड्याकडे, म्हणजे मुरूड-अलिबागच्या दिशेने, जाण्यासाठी फेरीबोट घ्यावी लागते किंवा खाडीला मोठा वळसा घालावा लागतो. समुद्रात झालेली जखम उपचारापर्यंत पोहोचण्यास त्याहूनही अधिक वेळ जाऊ शकतो. गळ, शिंगाळ्याचा काटा, कालवांची धारदार शिंपले यांमुळे झालेल्या जखमांत समुद्राचे पाणी व त्यातील जंतू शिरतात. यांपैकी व्हिब्रियो गटातील काही जंतू यकृताचा विकार किंवा मधुमेह असलेल्यांमध्ये प्राणघातक संसर्ग घडवू शकतात. अशी जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने धुऊन, मृत ऊती काढून उघडी ठेवतात आणि संसर्ग नसल्याची खात्री झाल्यावर तीन ते पाच दिवसांनी शिवतात. याला विलंबित सीवन म्हणतात. धनुर्वाताची लस आवश्यकतेनुसार दिली जाते. कुत्र्याच्या चाव्याची जखम शक्यतो शिवत नाहीत. शिवणे अपरिहार्य असल्यास आधी रेबीजविरोधी इम्युनोग्लोब्युलिन जखमेत टोचून मग मोजके, सैल टाके घालतात.

काही दुखापतींत मात्र विलंब महागात पडतो. दोरखंड धरलेले, वाकवलेले बोट अचानक जोराने सरळ ओढले गेल्यास ते वाकवणारी कंडरा हाडापासून सुटू शकते. वरून जखम दिसत नाही, केवळ बोटाचे टोक वाकवता येत नाही. कंडरा तळहातापर्यंत मागे सरकली असेल, तर तिचा रक्तपुरवठा तुटतो व ती आखडते. अशा वेळी ७ ते १० दिवसांच्या आत ती पुन्हा हाडाला जोडणे आवश्यक मानले जाते.

टाके काढणे

त्वचेवरील न विरघळणारे टाके चेहऱ्यावर ३ ते ५ दिवसांनी, डोक्यावर ७ ते १० दिवसांनी, तर हातपाय व सांध्यांवर १० ते १४ दिवसांनी काढतात. उशीर झाल्यास त्वचेवर टाक्यांच्या आडव्या खुणा उरतात. टाके काढल्यावरही त्वचेची ताकद अल्प असल्याने त्या भागावर काही आठवडे ताण टाळावा लागतो. वाढती लाली, सूज, पू, ताप किंवा कडा विलग होणे ही संसर्गाची वा टाके उसवल्याची लक्षणे असून त्यांसाठी वैद्यकीय तपासणी गरजेची असते.

भारतातील नियमन

भारतात टाक्यांचे दोरे पूर्वी औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यान्वये औषध म्हणून नियंत्रित होत असत. १ जानेवारी २०१८ पासून त्यांना वैद्यकीय उपकरणे नियम, २०१७ लागू आहेत. या नियमांनुसार उपकरणांची जोखमीप्रमाणे अ ते ड अशा चार वर्गांत विभागणी केली जाते. दोऱ्याच्या वेष्टनावर प्रकार, जाडी, सुईचा आकार, निर्जंतुकीकरणाची पद्धत आणि वापराची अंतिम तारीख छापलेली असते. वेष्टन फाटलेले असल्यास दोरा निर्जंतुक मानला जात नाही.