माकड नसलेल्या माकडाचा अभिनय

लायराची भूमिका करणारी डॅफ्नी कीन बोलते आहे. तिच्या पायाशी एक माणूस ओणवा बसलाय, हातात साधी बाहुली. ती वाक्य तोडते तसा तो बाहुलीची मान जरा तिरकी करतो. तिचा आवाज चढला की बाहुली मागे सरते. पडद्यावर यातला माणूसही दिसणार नाही आणि बाहुलीही. तिथे असेल पँटालायमन, म्हणजे लायराचा लाडका पॅन.

फिलिप पुलमन यांची ‘हिज डार्क मटेरिअल्स’ ही कादंबरीत्रयी 1995 ते 2000 या काळात आली. तिच्यावरची मालिका बीबीसी आणि एचबीओसाठी ‘बॅड वूल्फ’ या कंपनीनं केली. 2019 ते 2022 या काळात तीन पर्वांत तिचे 23 भाग झाले. चित्रीकरणाचं मुख्य ठिकाण वेल्समधल्या कार्डिफचा स्टुडिओ.

लायरा ही या कथेची नायिका. तिच्या जगात प्रत्येकाचा आत्मा प्राण्याच्या रूपात त्याच्यासोबत वावरतो. हा डीमन; पॅन हा लायराचा. मुलांचे डीमन सतत रूप बदलतात आणि वयात येताना एका रूपात स्थिरावतात. माणसापासून त्यांना फार लांब जाता येत नाही, आणि दुसऱ्याच्या डीमनला हात लावणं म्हणजे घोर आगळीक. पुस्तकात हे चार ओळींत भागतं. कॅमेऱ्यासमोर मात्र नटाला बघायला, कुरवाळायला, वाद घालायला समोर काहीतरी लागतं.

अशा वेळी काठीला टेनिसचा चेंडू लावून काम भागवायची जुनी पद्धत आहे. नजर कुठे ठेवायची ते चेंडू सांगतो, पण तो उलट बघत नाही, दचकत नाही. म्हणून इथे ब्रायन फिशर यांच्या नेतृत्वाखाली कठपुतळीकारांचा चमूच सेटवर आला. आधी बाहुलीसह तालीम, मग बाहुलीसह चित्रण. ती नटाच्या अंगवळणी पडली की तोच प्रसंग बाहुलीशिवाय. रिकाम्या जागेकडे बघतानाही नटाच्या डोळ्यांत समोरच्याचा अंदाज उरतो. पुढे ‘फ्रेमस्टोअर’ या दृश्यपरिणाम कंपनीचे अॅनिमेटर त्या जागी केस, स्नायू आणि श्वास असलेला प्राणी बसवतात. मूळ बाहुलीतलं तेव्हा काहीच उरत नाही. तिनं पाडलेला ताल तेवढा उरतो.

या पद्धतीचं खरं चीज झालं ते कथेतल्या खलनायिकेच्या, मिसेस कोल्टरच्या डीमनमध्ये, म्हणजे सोनेरी माकडात. ते बोलत नाही. मालकीण गोड हसत असते तेव्हा माकडाचा चेहरा निराळंच काही सांगत असतो. दुसऱ्या भागात ते पॅनवर झडप घालतं आणि वेदना लायराला होतात. मिसेस कोल्टर झालेली रुथ विल्सन त्या माकडाशी कधी प्रेमानं वागते, कधी त्याला झिडकारते. बाईला स्वतःचाच किती तिटकारा आहे, हे एका शब्दाविना कळतं.

खर्चाची कात्री मात्र लपत नाही. गर्दीतल्या प्रत्येक माणसामागे एक प्राणी उभा करायचा, तर हिशेब कुठल्या कुठे जातो. पहिल्या पर्वात गर्दी आहे, डीमन मोजकेच, आणि पुस्तकप्रेमींनी यावर बरीच कुरकुर केली. ती रास्तच होती. डीमन तोडून काढलेला मुलगा सापडतो, तो कादंबरीतला सगळ्यात भयंकर प्रसंग. आजूबाजूला प्रत्येकाकडे प्राणी दिसत असेल, तरच एकाकडे नसण्याची भीती पोटात कालवते. पडद्यावर तो प्रसंग त्यामुळे फिका पडला.

याच त्रयीवरच्या, 2007च्या ‘द गोल्डन कंपास’ या चित्रपटातली चिलखती अस्वलंही फ्रेमस्टोअरचीच होती. त्या चित्रपटाला दृश्यपरिणामांचं ऑस्कर मिळालं, तरी पुढचे भाग निघालेच नाहीत. मालिकेतही चिलखती अस्वलं आहेत, झुंजही आहे. ती बघायला झकास आहे, पण मालिका लक्षात राहते ती अस्वलांमुळे नव्हे, त्या मुक्या माकडामुळे.