नाव एक, पिढ्या अनेक

आमच्या कोकणात नातवास आजोबांचे नाव ठेवण्याची चाल जुनी आहे. तिच्यामुळे घराण्याची वंशावळ उघडावी, तो एकाच पानावर तीन महादेव आणि चार विष्णू भेटतात. कुलवृत्तांत लिहिणारे त्यावर तोड म्हणून नावापाशी पिढीचा अंक घालतात. मग अमुक वाडी कोणत्या विष्णूने खरेदी केली आणि कोणत्या विष्णूने गहाण टाकली, याचा घोटाळा होत नाही. मोटारींच्या शौकिनांनीही हीच युक्ती योजिली आहे, हे मात्र मजला गेल्या पावसाळ्यापर्यंत ठाऊक नव्हते.

तळ्यास आमच्या शेजारी भाऊंची एक जुनी जीप आहे. आळीत कोणी आजारी पडले की माणगावच्या दवाखान्यापर्यंत तिचाच आधार. श्रावण सरता सरता तिचे इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप गळू लागला. भाऊंनी मुंबईच्या एका दुकानी दूरध्वनी करून सांगितले, "महिंद्राची जुनी डिझेलची जीप आहे, पंप पाठवा." पंप आला, तो बसेना. दुसरा आला, त्याचीही भोके जुळेनात. दुकानदारास बोल लावण्यात अर्थ नव्हता. प्रश्नच अपुरा होता. त्याच आठवड्यात भाऊंच्या मातोश्रींना मध्यरात्री धाप लागली. भर पावसात भाड्याची गाडी मिळेपर्यंत दोन तास गेले. मातोश्री सुखरूप परतल्या. परंतु ते दोन तास आम्हां कोणासही विसरता आले नाहीत.

गणपतीस माझा नातू पुण्याहून आला. यंत्रशास्त्राचा विद्यार्थी आणि जुन्या मोटारींचा मोठा शौकीन. सर्व हकीकत ऐकून त्याने विचारले, "जीप कोणती? सीजे ५०० डी की एमएम ५४०?" मी म्हणालो, "अरे, जीप ती जीप!" त्यावर तो हसून म्हणाला, "आजोबा, तुम्हीच मला शिकवलेत ना? नुसता 'गम्' धातू सांगून अर्थ लागतो का? लकार नको?"

मी निरुत्तर झालो. लट् आणि लिट् यांत एका स्वराचाच फरक. परंतु तेवढ्याने वर्तमानाचा परोक्ष भूत होतो! नोंदणीपुस्तक आणि इंजिन दोन्ही पाहून नातवाने निवाडा दिला की गाडी एमएम ५४० आहे. या दोन्ही जीपा डिझेलवरच्या आणि दिसण्यात बहिणी-बहिणी. पण त्यांची इंजिने निराळ्या कुळांतली. एमएम ५४० चे इंजिन फ्रान्समधील प्यूजो कंपनीच्या रचनेचे. एवढे कळवल्यावर तिसरा पंप आला, तो पहिल्याच खेपेस बसला.

मग या संकेतांविषयी मजला गोडी लागली. सीजे म्हणजे सिव्हिलियन जीप, अर्थात लष्कराची नव्हे, नागरिकांची. अमेरिकेत १९४५ साली सीजे २ ए, १९४९ साली सीजे ३ ए आणि १९५३ साली सीजे ३ बी निघाली. सीजे ३ बी च्या नव्या इंजिनात काही झडपा माथ्यावर गेल्याने ते उंच झाले आणि बॉनेटही उंच करावे लागले. तेव्हा उंच कपाळाची जीप दिसताच जाणता मनुष्य दुरूनच तिची पिढी सांगतो. अमेरिकेत ती १९६८ साली बंद झाली. आपल्याकडे महिंद्रांनी तिची घडण पुढेही अनेक वर्षे चालू ठेविली. मारुती जिप्सीचेही तसेच. १९८५ ची एमजी ४१० आणि १९९६ ची एमजी ४१३ डब्ल्यू. शेवटचे १० म्हणजे सुमारे एक लिटरचे इंजिन, १३ म्हणजे १.३ लिटरचे.

केवळ साल सांगून भागत नाही काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर पुण्यातच मिळते. १९९५ साली मर्सिडीझ कंपनीने पुण्यास ई-क्लास गाडी बांधण्यास आरंभ केला. ती होती डब्ल्यू १२४. त्याच वर्षी जर्मनीत त्याच ई-क्लास नावाने पुढची पिढी, डब्ल्यू २१०, बाहेर पडली. साल एक, नाव एक, आणि गाड्या दोन! म्हणून शौकीन लोक 'ई-क्लास' म्हणत नाहीत. 'एकशेचोवीस' म्हणतात, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नेमकी आकृती उभी राहते. यातील डब्ल्यू म्हणजे 'वागेन', जर्मन भाषेत गाडी.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. चासीचा संकेत पिढी सांगतो. चासीचा क्रमांक एकच एक व्यक्ती सांगतो. हल्लीच्या गाड्यांचा हा क्रमांक १७ अक्षरांकांचा असतो. त्याची पहिली तीन चिन्हे कर्त्याची खूण होत: एमए१ महिंद्रांची, एमए३ मारुतीची, एमएटी टाटांची. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच येत नाहीत. कारण ती १ आणि ० या अंकांशी मिसळतात. संदेहास जागाच ठेवू नये, हा सूत्रकारांचा बाणा येथेही दिसतो.

जुनी गाडी घेणाऱ्याने चासीवर ठोकलेला क्रमांक नोंदणीपुस्तकाशी अक्षरशः ताडून पाहावा. तो खरवडलेला वाटला, तर सौदा तेथेच सोडावा. तसेच संकेत कळला म्हणून इंजिन तेच असेल, असेही समजू नये. जुन्या जीपांत पुष्कळदा मागाहून दुसरे इंजिन बसविलेले असते, तेव्हा ते डोळ्यांनी पाहावे. नातवाने दोन्ही पाहिली, ती याचसाठी.

भाऊंनी आता गाडीचा संकेत, चासीचा क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक पंचांगाच्या मलपृष्ठावर ठळक अक्षरांत लिहून ठेविला आहे. त्याच्या शेजारी मातोश्रींच्या औषधांची नावे आहेत.