क्रूझ पर्यटनातील बहुबंदर चढउतार पद्धती : स्वरूप, व्यवस्थापन आणि प्रवासी सुरक्षितता

प्रस्तावना :

विसाव्या शतकात कोकणची आगबोट मुंबईहून निघून हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी बंदरे घेत दक्षिणेकडे जात असे. प्रत्येक बंदरात काही उतारू पडावात उतरून किनारा गाठत आणि तेच पडाव नवे उतारू घेऊन परत येत. आगबोटीची फेरी एकच असली तरी तिच्यावरील प्रत्येकाचा प्रवास निराळा होता. कोणाचा तो सुरू होत असे, कोणाचा मध्यावर असे, तर कोणाचा संपत आलेला असे. आजच्या क्रूझ पर्यटनात हीच रीत फार मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. मात्र येथे उतारूंची संख्या हजारांत असते, मुक्काम आठवड्याचा असतो आणि जहाज हे वाहनाबरोबरच निवासस्थानही असते. त्यामुळे परस्परांत गुंतलेल्या या प्रवासकार्यक्रमांतून व्यवस्थापनाचे आणि सुरक्षिततेचे काही वेगळे प्रश्न निर्माण होतात. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे स्वरूप, तिची दैनंदिन कार्यपद्धती आणि प्रवासी सुरक्षिततेशी असलेला तिचा संबंध यांचे विवेचन केले आहे.

संकल्पना व स्वरूप :

क्रूझ जहाजावरील प्रवाशांच्या चढउताराच्या प्रामुख्याने दोन पद्धती आढळतात.

१) एकबंदर पद्धती : या पद्धतीत सर्व प्रवासी एकाच बंदरात, एकाच दिवशी चढतात आणि फेरी पूर्ण झाल्यावर एकाच दिवशी उतरतात. सकाळी संपूर्ण जहाज रिकामे होते, दुपारपर्यंत सर्व खोल्या स्वच्छ केल्या जातात आणि सायंकाळी नवे प्रवासी घेऊन जहाज निघते. अमेरिकेतील मायामीसारख्या बंदरांतून निघणाऱ्या कॅरिबियन फेऱ्या बहुधा या प्रकारच्या असतात.

२) बहुबंदर पद्धती : या पद्धतीत जहाज वर्तुळाकार मार्गावर फिरत राहते आणि मार्गावरील अनेक बंदरांत प्रवासी चढू-उतरू शकतात. क्रूझ व्यवसायात या पद्धतीला ‘इंटरपोर्टिंग’ म्हणतात. पश्चिम भूमध्य समुद्रात ही पद्धत विशेष रुजलेली आहे. इटालियन कुटुंब साव्होना किंवा चिव्हिताव्हेक्किया येथे, फ्रेंच कुटुंब मार्सेय येथे आणि स्पॅनिश कुटुंब बार्सिलोना येथे चढते. प्रत्येक जण सात दिवसांनी आपापल्या बंदरात उतरतो. मार्ग एकच असतो. आरंभबिंदू मात्र अनेक असतात.

या पद्धतीचे आर्थिक लाभ उघड आहेत. प्रवाशाला घराजवळच्या बंदरातून निघता येत असल्याने विमानप्रवासाचा खर्च वाचतो. कंपनीला एकाच जहाजासाठी तीन-चार देशांची बाजारपेठ मिळते. सर्व खोल्या एकाच दिवशी बदलाव्या लागत नसल्याने सफाई, सामानाची ने-आण आणि टर्मिनलवरील गर्दी हा भार आठवडाभर विभागला जातो.

एका बंदरातील दिवस :

या पद्धतीतील गुंतागुंत समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. समजा, सकाळी जहाज बंदराला लागले तेव्हा त्यावर ३,००० प्रवासी आहेत. त्यांपैकी ६०० जणांचा प्रवास येथे संपतो, तर ६५० नवे प्रवासी येथे चढणार आहेत. उरलेले २,४०० प्रवासी पुढे जाणारे आहेत. त्यांतील १,९०० जण दिवसभर शहर पाहण्यासाठी खाली उतरतात आणि ५०० जण जहाजावरच थांबतात.

अशा दिवशी जहाजाच्या शिडीवरून २,५०० माणसे खाली उतरतात. पण कायमची उतरणारी त्यांत फक्त ६०० असतात. सायंकाळपर्यंत २,५५० माणसे वर चढतात. पण नवी त्यांत केवळ ६५० असतात. निघताना जहाजावर ३,०५० प्रवासी असले पाहिजेत. हिशेब सोपा वाटतो, तथापि नुसत्या बेरजेवर विसंबता येत नाही. शहर पाहायला गेलेला एक प्रवासी मागे राहिला आणि येथे उतरायचा असलेला एक जण चुकून जहाजावरच राहिला, तरी बेरीज ३,०५० च येते. संख्या बरोबर आणि माणसे चुकीची, अशी ही स्थिती होय. म्हणूनच मोजणी डोक्यांची न करता नावांची करावी लागते. प्रत्येक प्रवाशाला छायाचित्राशी जोडलेले ओळखपत्र दिले जाते. ते शिडीपाशी यंत्रावर तपासले जाते आणि कोण आत आहे व कोण बाहेर, याची नोंद त्या क्षणी होते.

सामानाच्या बाबतीतही हाच भेद पाळावा लागतो. उतरणारे प्रवासी आदल्या रात्री आपल्या बॅगा रंगीत किंवा क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावून खोलीबाहेर ठेवतात. एकबंदर पद्धतीत दारापाशी ठेवलेली प्रत्येक बॅग खालीच जायची असते. बहुबंदर पद्धतीत मात्र शेजारच्या खोलीतील प्रवासी आणखी तीन दिवस राहणारा असू शकतो. चिठ्ठी चुकली तर सामान एका देशात आणि मालक दुसऱ्या देशाच्या वाटेवर, असा प्रकार घडतो. शिवाय जहाजावरील खर्चाचा हिशेब प्रत्येकाच्या उतरण्याच्या दिवशी वेगळा मिटवावा लागतो आणि सूचना अनेक भाषांत द्याव्या लागतात.

कायद्याची दृष्टी :

जहाजाची फेरी आणि प्रवाशाचा प्रवास या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे तत्त्व अमेरिकेच्या १८८६ च्या प्रवासी नौकासेवा कायद्यात स्पष्ट दिसते. परदेशी नोंदणीच्या जहाजाने एका अमेरिकी बंदरात चढलेल्या प्रवाशाला दुसऱ्या अमेरिकी बंदरात नेऊन कायमचे उतरवू नये, असा या कायद्याचा आशय आहे. वाटेत दूरच्या परदेशी बंदराला भेट दिली असेल तर त्याला अपवाद आहे. पण शेजारच्या कॅनडातील बंदर ‘दूरचे’ मानले जात नाही. एखाद्या पर्यटकाने सिॲटल ते व्हँकुव्हर आणि लगेच त्याच जहाजाने व्हँकुव्हर ते अलास्कातील व्हिटियर अशी दोन तिकिटे काढली, तर ती स्वतंत्रपणे नियमात बसतात. एकत्र केली की मात्र तो सिॲटल ते व्हिटियर असा एकच प्रवास ठरतो आणि कायद्याचा भंग होतो. येथे कायदा तिकिटे मोजत नाही. माणूस कोठे चढला आणि कोठे उतरला, एवढेच पाहतो.

सुरक्षितता कवायतीचा प्रश्न :

टायटॅनिक जहाज १९१२ मध्ये बुडाले. तेही साउथॅम्प्टन, शेरबुर आणि क्वीन्सटाउन अशा तीन बंदरांत प्रवासी घेऊन निघाले होते. या दुर्घटनेनंतर १९१४ मध्ये सागरी जीवितसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याची आज प्रचलित असलेली आवृत्ती १९७४ ची असून ती ‘सोलास’ या नावाने ओळखली जाते. आणीबाणीत कोठे जमायचे, जीवरक्षक जाकीट कसे घालायचे आणि कोणत्या लाइफबोटीकडे जायचे, याची कवायत प्रवाशांकडून करून घेणे या करारानुसार बंधनकारक आहे.

२०१५ पूर्वीच्या नियमानुसार, चोवीस तासांपेक्षा अधिक काळ जहाजावर राहणाऱ्या प्रवाशांची कवायत ते चढल्यापासून २४ तासांच्या आत घेतली तरी पुरेसे होते. नवे प्रवासी चढल्यावर त्यांना तोंडी सूचना देणे आवश्यक होते. प्रत्यक्ष कवायत मात्र दुसऱ्या दिवशी घेता येत असे. एकबंदर पद्धतीत या सवलतीचा अर्थ असा होता, की आठवड्यातून एकदा, पहिल्या दिवशी, प्रवासी कवायतीविना असू शकत. बहुबंदर पद्धतीत तिचा अर्थ पार बदलतो. जवळजवळ दररोज नवे प्रवासी चढत असतील आणि प्रत्येक गटाला एक दिवसाची मुभा असेल, तर आजच्या गटाची कवायत होईपर्यंत उद्याचा गट चढलेला असतो. परिणामी, नियमाचा कोठेही भंग न होता जहाजावर सदैव काही अप्रशिक्षित प्रवासी राहू शकतात.

ही केवळ तर्काने काढलेली शक्यता नव्हती. १३ जानेवारी २०१२ रोजी सायंकाळी कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज चिव्हिताव्हेक्कियाहून साव्होनाकडे निघाले. त्याची साप्ताहिक फेरी साव्होना, मार्सेय, बार्सिलोना, पाल्मा, काल्यारी आणि पालेर्मो या बंदरांतून जात असे. जहाजावर ३,२०६ प्रवासी आणि १,०२३ कर्मचारी असे एकूण ४,२२९ लोक होते. कर्मचाऱ्यांत सुमारे दोनशे भारतीय होते. प्रवाशांपैकी सुमारे ७०० जण त्याच दिवशी चिव्हिताव्हेक्किया येथे चढले होते आणि त्यांची कवायत दुसऱ्या दिवशी व्हायची होती. रात्री ९.४५ वाजता जिल्यो बेटाजवळ जहाज खडकावर आदळले. आणीबाणीचा सामान्य इशारा १०.३३ ला आणि जहाज सोडण्याचा आदेश १०.५४ ला दिला गेला. या दुर्घटनेत ३२ जणांचा मृत्यू झाला. त्यांत एका भारतीय कर्मचाऱ्याचाही समावेश होता.

अपघाताचे कारण कवायत नव्हती, हे येथे नमूद केले पाहिजे. जहाज किनाऱ्याच्या अतिजवळ नेणे आणि आदेशास झालेला विलंब यांबद्दल कप्तानास २०१५ मध्ये इटालियन न्यायालयाने १६ वर्षांची शिक्षा सुनावली. तथापि संकट कोसळले तेव्हा एक पंचमांशाहून अधिक प्रवाशांना आपले जमण्याचे ठिकाण कवायतीतून माहीत झालेले नव्हते, आणि तेही तत्कालीन नियमाच्या चौकटीतच. ही त्रुटी लगेच लक्षात आली. फेब्रुवारी २०१२ मध्येच क्रूझ कंपन्यांच्या संघटनांनी निघण्यापूर्वी कवायत घेण्याचे धोरण स्वीकारले. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जून २०१३ मध्ये सोलासमध्ये दुरुस्ती केली आणि ती १ जानेवारी २०१५ पासून लागू झाली. आता नव्या प्रवाशांची कवायत जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच घ्यावी लागते.

२०२० नंतर अनेक कंपन्यांनी या कवायतीचे स्वरूप बदलले. प्रवासी सूचनांची चित्रफीत मोबाइलवर किंवा खोलीतील दूरचित्रवाणीवर पाहतो आणि नंतर स्वतः आपल्या जमण्याच्या ठिकाणी जाऊन नोंद करतो. कोणाची नोंद राहिली आहे, हे नावानिशी कळते. बहुबंदर पद्धतीस ही रीत सोयीची आहे, कारण पुढे जाणाऱ्या हजारो प्रवाशांना पुन्हा एकत्र न बोलावता केवळ नव्यांकडे लक्ष देता येते.

भारतीय संदर्भ :

सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीच्या जहाजाने मुंबईहून गोवा, लक्षद्वीप आणि कोची अशा फेऱ्या सुरू केल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. पश्चिम किनाऱ्यावर क्रूझ बंदरांची संख्या वाढेल तसा एकाच फेरीत अनेक ठिकाणी प्रवासी घेण्याकडे कल वाढणे स्वाभाविक आहे. अशा वेळी भूमध्य समुद्रातील अनुभव येथील बंदर व्यवस्थापनास मार्गदर्शक ठरू शकतो.

निष्कर्ष :

१) बहुबंदर पद्धती प्रवाशास सोयीची व कंपनीस लाभदायक आहे, परंतु तिच्यात संपूर्ण जहाजासाठी ‘प्रवासाचा पहिला दिवस’ असा राहत नाही.

२) चढउताराची नोंद संख्येने न करता व्यक्तिनिहाय करणे अपरिहार्य आहे.

३) एकबंदर फेरी गृहीत धरून दिलेली सवलत बहुबंदर फेरीत कायमचा धोका बनू शकते. म्हणून कोणताही सुरक्षानियम ठरविताना जहाजाची फेरी कोठे सुरू झाली, हे न पाहता प्रत्येक बंदरातून निघताना जहाजावरील प्रत्येक व्यक्ती संकटासाठी तयार आहे काय, हे पाहणे आवश्यक आहे.

कोकणच्या आगबोटीत शेवटच्या बंदरात चढलेला उतारूही पहिल्या बंदरातल्याइतकाच पूर्ण उतारू होता. आधुनिक क्रूझ जहाजाच्या नियमांनाही अखेर हेच तत्त्व स्वीकारावे लागले.