चंदेरी कण आणि चढलेला सूर

‘पथेर पांचाली’तलं काशफुलांचं रान आठवा. दुर्गा पुढे, तिचा धाकटा भाऊ अपू मागे, पोरांना झाकून टाकणारी पांढरी फुलं वाऱ्यावर डोलत असतात. मग तारांचे उंच खांब दिसतात. दुर्गा खांबाला कान लावते, आतली गुणगुण ऐकते आणि थोड्याच वेळात काळा धूर सोडत आगगाडी निघून जाते. सत्यजित राय यांनी चित्रीकरणाला ऑक्टोबर 1952 मध्ये याच रानातून सुरुवात केली. आठवड्याने परत आले तेव्हा गुरांनी फुलं फस्त केली होती. उरलेल्या दृश्यांसाठी पुढच्या मोसमाची वाट पाहावी लागली. इतक्या कष्टाने पडद्यावर आलेला हा प्रसंग जुन्या चित्रपटाची कोणतीही घरगुती आवृत्ती पारखायला फार उपयोगी पडतो. व्हीसीडी असो, डीव्हीडी असो, ब्लू-रे असो, कुठे काय बिघडलंय ते इथे लगेच उघडं पडतं.

फिक्या आकाशापुढे पांढरी फुलं आहेत. उजळ भाग जरा जास्त उजळला की फूल आणि आकाश एक होऊन जातं. तारा बारीक आहेत. चित्र कृत्रिमपणे धारदार केलं असेल तर प्रत्येक तारेला दोन्ही बाजूंनी पांढरी किनार दिसते, आणि चित्राचे बिंदू कमी असतील तर तिरपी तार पायऱ्यापायऱ्यांची होते. शिवाय सगळं रान एकाच वेळी हलतंय. डिजिटल व्हिडिओला सर्वांत जड जाते ती हीच गोष्ट.

डिस्कवर प्रत्येक चौकट पूर्ण साठवली जात नाही. एक चौकट पूर्ण ठेवायची, पुढच्या चौकटींत तिच्यापेक्षा काय बदललं तेवढंच नोंदवायचं, अशी ही काटकसर असते. माणूस खुर्चीत बसून बोलत असेल तर बदलतात फक्त ओठ आणि हात. काशाच्या रानात मात्र तुरा न् तुरा बदलतो. तळ्यावर पडणारा पाऊस आणि इंजिनाचा धूर यांचंही तेच. नोंद करायला जागा पुरली नाही की फुलं विरघळतात आणि त्यांच्या जागी चौकोनी ठोकळे दिसू लागतात.

जागा किती असते? व्हीसीडीच्या चित्रात 352 गुणिले 288, म्हणजे जेमतेम एक लाख बिंदू, आणि दर सेकंदाला चित्रासाठी सुमारे 1.15 मेगाबिट. आपल्याकडच्या पॅल पद्धतीच्या डीव्हीडीत बिंदू सुमारे चार लाख, ब्लू-रेमध्ये वीस लाखांहून थोडे जास्त, फोर-के डिस्कमध्ये त्याच्या चौपट. पण बिंदूंपेक्षा दर सेकंदाला मिळणारी माहिती जास्त महत्त्वाची. दुपदरी डीव्हीडीत साडेआठ गिगाबाइट मावतात. दोन तासांचा एकच चित्रपट त्यात ठेवला तर चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला नऊ मेगाबिटच्या वर हाती येतात. एकेकाळी आपल्या बाजारात ‘एका डिस्कमध्ये तीन चित्रपट’ अशा डीव्हीडी ढिगाने मिळत. अडीच तासांचे तीन चित्रपट म्हणजे साडेसात तास, आणि सेकंदाला उरतात अडीच मेगाबिट. वेष्टनावर डीव्हीडीच लिहिलेलं, दर बिंदूमागची माहिती मात्र व्हीसीडीहूनही कमी. स्ट्रीमिंगवरही हाच हिशेब लागू होतो. ‘फोर-के’ अशी पाटी दिसली तरी सेकंदाला मिळणारी माहिती बहुधा डिस्कपेक्षा बरीच कमी असते.

तरीही हा सगळा प्रवासाचा शेवटचा टप्पा झाला. जुन्या चित्रपटाचं नशीब त्याच्या फार आधी ठरतं. डिस्क कोणत्या फिल्मवरून केली, हा खरा प्रश्न आहे. कॅमेऱ्यातून गेलेली मूळ निगेटिव्ह एकच असते. तिच्यापासून जपून ठेवायची बारीक कणांची मास्टर पॉझिटिव्ह, तिच्यापासून दुय्यम निगेटिव्ह, आणि तिच्यापासून थिएटरात जाणाऱ्या प्रिंट. झेरॉक्सची झेरॉक्स काढत जावी तसा प्रत्येक पिढीत तपशील गळतो, काळं अधिक काळं होतं, पांढरं अधिक पांढरं होतं. थिएटरात शेकडो खेळ झालेल्या प्रिंटवरून केलेली ब्लू-रे मूळ निगेटिव्हवरून नीट केलेल्या डीव्हीडीपेक्षा वाईट दिसू शकते. बिंदू पाचपट असून काही उपयोग नाही. त्यांत भरायला तपशीलच उरलेला नसतो.

‘पथेर पांचाली’च्या बाबतीत हा प्रश्न जीवघेणा होता. 1993 मध्ये राय यांच्या अनेक चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह लंडनच्या हेंडरसन्स फिल्म लॅबोरेटरीजमध्ये असताना तिथे आग लागली. ‘पथेर पांचाली’, ‘अपराजितो’ आणि ‘अपूर संसार’ या अपूत्रयीच्या निगेटिव्हही त्यात होरपळल्या. कुठे फिल्म वितळली, कुठे आक्रसून ठिसूळ झाली. जे उरलं ते अमेरिकेच्या ऑस्कर अकादमीच्या संग्रहात गेलं. तेव्हा कोणत्याही प्रयोगशाळेला त्याचं काही करता येण्यासारखं नव्हतं, तरी अकादमीने ते डबे टाकून दिले नाहीत. या निर्णयाचं मोल मला पुढच्या सगळ्या तंत्रज्ञानाहून मोठं वाटतं.

वीस वर्षांनी क्रायटेरियन कंपनी आणि अकादमीने ते तुकडे इटलीत बोलोन्याच्या ‘लिमाजिने रित्रोवाता’ या प्रयोगशाळेकडे सोपवले. तिथल्या तंत्रज्ञांनी वाळून कडक झालेल्या फिल्मला रासायनिक द्रावणातून पुन्हा ओलावा दिला, जुन्या चिकटपट्ट्या आणि गोंद सोडवले, कडेची तुटलेली भोकं एकेक करून पुन्हा बांधली. हाताचं हे काम जवळजवळ हजार तास चाललं. ‘पथेर पांचाली’चा सुमारे 40 टक्के आणि ‘अपराजितो’चा 60 टक्क्यांहून अधिक भाग मूळ निगेटिव्हमधून मिळवता आला. ‘अपूर संसार’ची निगेटिव्ह मात्र वापरण्याजोगी राहिली नव्हती. जिथे मूळ नाही तिथे वेगवेगळ्या संग्रहांतल्या मास्टर आणि दुय्यम निगेटिव्ह घेतल्या. मे 2015 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये हा संच दाखवला गेला. त्याच्या साठ वर्षं आधी ‘पथेर पांचाली’ पहिल्यांदा दाखवला गेला तोही याच संग्रहालयात. त्याच वर्षी ब्लू-रे आली.

ही ब्लू-रे बारकाईने पाहिली तर एकाच चित्रपटात दोन पोत सापडतात. काही दृश्यांत करड्या रंगाच्या कितीतरी छटा एकमेकींत अलगद मिसळतात, कण बारीक असतात. पुढच्याच दृश्यात कण जरा जाड, सावल्या जरा गच्च. मूळ निगेटिव्ह आणि तिची नक्कल यांतलं अंतर इथे उघड्या डोळ्यांनी दिसतं. चित्रपटातल्या म्हाताऱ्या इंदिर ठाकरुणचा चेहरा पाहा. ही भूमिका करणाऱ्या चुनीबाला देवींच्या गालावरच्या सुरकुत्या, खोल डोळे, विरलेल्या वस्त्राचे धागे... सुब्रत मित्र या तरुण छायाचित्रकाराने, ज्याने याआधी सिनेमाचा कॅमेरा कधी चालवला नव्हता, किती टिपलं होतं ते आता कळतं. जुन्या टेप आणि व्हीसीडीवर याच चेहऱ्याच्या जागी एक राखाडी डाग दिसायचा.

या कणांविषयी थोडं थांबून बोलायला हवं, कारण सर्वांत जास्त गैरसमज त्यांच्याबद्दल आहे. कृष्णधवल फिल्म धुतल्यावर तिच्यात उरतात ते धातुरूप चांदीचे सूक्ष्म कण. सुरकुती, काशाचा तुरा, धूर, सगळं त्याच कणांनी बनलेलं असतं. कण म्हणजे चित्रावर बसलेली धूळ असं समजून संगणकाने ते पुसायला घेतले की सुरकुत्याही पुसल्या जातात. चेहरा मेणाचा होतो. ‘प्रेडेटर’ या हॉलिवुडपटाच्या 2010 मध्ये आलेल्या ब्लू-रेवर असंच घडलं आणि ती डिस्क जगभर या दोषाचं उदाहरण ठरली. गंमत अशी की पहिल्या नजरेला असं चित्र ‘स्वच्छ’ वाटतं आणि दुकानातल्या टीव्हीवर खपून जातं. ओळखायची खूण सोपी आहे : केस आणि कापड पाहा. अंबाड्यातल्या सुट्या बटा एकत्र चिकटल्या असतील, साडीचा पोत हरवून सपाट रंग उरला असेल तर कण पुसलेत. आणि कणही नाहीत, पण कडा मात्र टोकदार, अशी जोडी दिसली तर आधी पुसून मग खोटी धार लावलेली आहे.

चित्र मुळात कसं दिसायला हवं याचा वाद दिग्दर्शकाचं नाव पुढे केलं की मिटतो असंही नाही. ‘द फ्रेंच कनेक्शन’च्या 2009 च्या ब्लू-रेमध्ये दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन यांनी रंग मुद्दाम बदलले. छायाचित्रकार ओवेन रॉइझमन यांनी त्याला जाहीर विरोध केला. 2012 मध्ये नवी डिस्क काढून रंग बऱ्याच अंशी पूर्वपदावर आणावे लागले.

आवाजाकडे लोक कमी लक्ष देतात, म्हणून तिथे जास्त बिघडतं. अपू-दुर्गेची आई सर्वजया हिचा तो प्रसंग घ्या. दुर्गा वारल्याचं ठाऊक नसलेला तिचा बाप हरिहर परगावाहून येतो, दुर्गेसाठी आणलेली साडी पुढे करतो आणि सर्वजया कोसळते. तिचा हंबरडा आपल्याला ऐकू येत नाही. त्याच्या जागी तारशहनाईवर पटदीप रागाचे वरचे स्वर येतात. एसराजला कर्णा जोडून केलेलं हे वाद्य मुळातच धारदार. त्या काळचा आवाज फिल्मच्या कडेला प्रकाशरेषेच्या रूपात छापलेला असे आणि थिएटरातली यंत्रणा उंच कंपनं मुद्दाम दाबत असे, 8 किलोहर्ट्झच्या पुढे फारसं काही उरत नसे. झिजलेल्या प्रिंटवरून घेतलेल्या आवृत्तीत हे स्वर फाटतात. ते फाटणं घालवायला फिल्टर जोरात चालवला की स्वराची धारही जाते आणि आईचा आक्रोश बोथट होतो. खांबातली गुणगुण तर त्याहून नाजूक. सतत एकसारखा चालणारा बारीक आवाज म्हणजे खरखर, असंच संगणकाला वाटतं. ज्या आवृत्तीत संवादांच्या मध्ये ठार शांतता आहे, रातकिडे नाहीत, वारा नाही, ती मी संशयानेच ऐकतो.

आणि सूर. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींनी चालतो. युरोपातली आणि आपली पॅल टीव्ही पद्धत 25 चौकटींची. बहुतेक पॅल टेप आणि डिस्कवर चित्रपट सरळ थोडा जलद पळवत. 125 मिनिटांचा चित्रपट 120 मिनिटांत संपतो, आणि काहींना वाटतं की पाच मिनिटं कापली. कापलेलं काही नसतं, पण आवाज चार टक्क्यांनी वर जातो, म्हणजे अर्ध्या स्वराचा सुमारे सात दशांश. काळी एकचा षड्ज काळी एक सोडतो आणि पांढरी दोनलाही नीट पोहोचत नाही. रविशंकरांची सतार आणि ठाकरुणबाईंचा खरखरीत आवाज, दोन्ही जरा पातळ, जरा घाईत येतात. ब्लू-रे 24 चौकटींनीच चालते, त्यामुळे हा दोष तिथे सहसा नसतो. हातात दोन आवृत्त्या असतील तर एकच स्वर पेटीवर लावून पाहा, लगेच समजेल.

तुलना करताना दोन पथ्यं पाळायला हवीत. एक, आवाजाची पातळी सारखी करा, कारण दोहोंपैकी किंचित मोठा आवाज कानाला नेहमी सरस वाटतो. दोन, टीव्हीचा ‘व्हिविड’ मोड, वाढवलेली शार्पनेस आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. नाहीतर तुम्ही डिस्क तपासत नसता, टीव्ही तपासत असता. थांबवलेली एखादी चौकटही पुरेशी नाही, कारण पूर्ण साठवलेली चौकट आणि फक्त बदल नोंदवून बनवलेली चौकट यांचा दर्जा वेगळा असतो. दृश्य चालू ठेवूनच पाहावं.

हे सगळं आपल्या अगदी जवळचं आहे. स्मिता पाटील यांची भूमिका असलेला श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ 2024 मध्ये कान महोत्सवात नव्या रूपात दाखवला गेला. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने केलेल्या या कामासाठी चित्र घेतलं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेल्या मूळ निगेटिव्हवरून, तर आवाज घ्यावा लागला एका प्रिंटवरून. चित्र पहिल्या पिढीचं, आवाज पुढच्या पिढीचा. हे ठाऊक असलं की दोन्हींकडून काय अपेक्षा ठेवायची ते कळतं. आणि त्याच पुण्यात जानेवारी 2003 च्या आगीत प्रभातच्या चित्रपटांसह कितीतरी जुनी नायट्रेट फिल्म नष्ट झाली. त्या चित्रपटांना आता नंतरच्या पिढीच्या प्रतींवरच भागवावं लागणार.

म्हणून जुने मराठी आणि हिंदी चित्रपट डिस्कवर किंवा स्ट्रीमिंगवर आणणाऱ्यांकडून एक गोष्ट मागून घेतली पाहिजे. कोणत्या फिल्मवरून स्कॅन केलं, आवाज कुठून घेतला, रंग कोणाच्या देखरेखीखाली ठरले, एवढ्या तीन ओळी त्यांनी छापाव्यात. परदेशातल्या चांगल्या डिस्कसोबतच्या पुस्तिकेत हे असतं. आपल्याकडे बहुतेक वेष्टनांवर ‘डिजिटली रीमास्टर्ड’ एवढेच दोन शब्द असतात आणि त्यांतून यांपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.