क्रेट हे माप नव्हे!
नारायणगावात टोमॅटोचा भाव २० किलोच्या क्रेटला, ओतूर-मंचरात कांद्याचा १० किलोला. कांद्याचं ठीक आहे, पण क्रेट म्हणजे नुसतं भांडं! वैधमापन कायदा, २००९ चं कलम ११ स्पष्ट सांगतं, भाव प्रमाणित एककातच सांगायचा. म्हणून क्रेटमागे किती किलो धरले, हे पट्टीवर लिहून घ्याच.

जुना मण आठवा. मुंबईचा साधारण १२.७ किलोचा, बंगालचा ३७ किलोंच्या वर! सौदा कोणत्या मणाचा, इथूनच भांडण. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आणली, ती याचसाठी मला मोलाची वाटतात.

आणि हो, इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी व्हावी लागते. आधी शिक्का बघा, मग माल काट्यावर चढवा.